अजीजभाईंचं निवांत

जोहराने चमचा वाटीत ठेवला आणि अजीजच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलेली खिचडी पदराने टिपली. त्याने डावा हात उचलला, पंजा हवेत जरासा हलवला आणि म्हणाला, "निवांत."

"काय म्हणायलेत?" शेजारच्या कॉटवरची चादर ओढता ओढता नीलाबाईंनी विचारलं.

"खिचडीत मीठ न्हाई म्हणतेत. पुरे आता, चहा आण म्हणतेत."

नीलाबाई म्हणजे लातूरच्या त्या दवाखान्यातल्या वॉर्डाच्या मावशी, मूळच्या शिरूर अनंतपाळकडच्या. एवढं मोठं गाऱ्हाणं एका शब्दात कसं बसलं, हे काही त्यांना पटेना. खात्री करावी म्हणून त्या खरंच कपभर बिनसाखरेचा चहा घेऊन आल्या. अजीजने तो डाव्या हाताने तोंडाला लावला आणि पहिल्याच घोटाला डोळे मिटले. तेव्हापासून वॉर्डात जोहराचा भाव वधारला. सिस्टर इंजेक्शन द्यायला आल्या की आधी तिच्याकडे बघायच्या. शेजारच्या कॉटचे नातेवाईक गंमत म्हणून अजीजला काहीबाही विचारायचे, तो निवांत म्हणायचा आणि मग सगळे जोहराकडे माना वळवायचे. तीही सांगायची. पंखा कमी करा. कूस बदला. हा माणूस फार बोलतो, याला घालवा. शेवटचं सांगताना ती हसू दाबायची, आणि अजीजच्या चेहऱ्याच्या शाबूत अर्ध्या भागावरही हसू उमटायचं.

लकव्याचा झटका हिवाळ्यात आला, अंगणात जीप धुताना. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. बायकोचं नाव गेलं, पोरांची नावं गेली, अल्लाचं नावसुद्धा गेलं. मागे राहिला तो हा एक शब्द. असं होतं कधी कधी, असं उदगीरच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. आयुष्यभर जिभेवर घोळलेलं काहीतरी तेवढं शिल्लक राहतं; एखाद्याची शिवी राहते. जोहराला त्या वेळी वाटलं, शिवी राहिली असती तरी परवडलं असतं. निदान शिवीचा एक अर्थ असतो.

मान हलवून हो-नाही तरी सांगावं, तर तेही नीट जमेना. पाणी पाहिजे का विचारलं की मान नाही म्हणून हलायची आणि हात ग्लासाकडे जायचा. मानेवर विसंबू नका, डॉक्टर म्हणाले होते. ऐकू येतं, समजतं सगळं. बाहेर येताना उलटंसुलटं होतं. मग जोहराने मानेचा नाद सोडला आणि शब्दाकडे कान लावला. शब्द एकच असला तरी अजीज तो पूर्वीसारखाच म्हणत होता. कुठे ओढायचा, कुठे तोडायचा, कुठे नुसता सोडून द्यायचा, ते जिभेला अजून आठवत होतं, आणि जोहराच्या कानांना ते पाठच होतं.

पाठ असणारच. उदगीर-देगलूर रस्त्यावर ज्याने ज्याने काळी-पिवळी जीप धरली, त्या प्रत्येकाला ते थोडंफार पाठ होतं. स्टँडसमोर अजीज बोनेटला टेकून उभा असायचा. कुणी मराठीत विचारायचं गाडी कधी सुटणार, कुणी कन्नडमध्ये 'यावाग', कुणी देगलूरकडची म्हातारी तेलुगूत 'एप्पुडु'. उत्तर सगळ्यांना एकच. निवांत. याचा अर्थ, अजून माणसं यायची आहेत, तोवर चहा पिऊन या. ब्रेक बरे आहेत ना असं कुणी विचारलं की निवांत. याचा अर्थ, विचारू नका. मागच्या बाकावर जागेवरून जुंपली की आरशात बघून, दात न उघडता, निवांत. मग दोघंही गप्प. सासरी निघालेली एखादी पोर खिडकीत तोंड खुपसून रडायला लागली की "निवांत, बेटा," आणि पुढचा सगळा रस्ता जीप खड्डे चुकवत हळू चालायची. गावातलं कुणी वारलं तर "निवांत झाला बिचारा". आणि कसं काय अजीजभाई, बरं हाय का, असं रस्त्यात कुणीही विचारलं तरी निवांत. याचा अर्थ काहीच नाही. आमच्याकडे हे विचारण्याची रीत आहे आणि उत्तराची ही रीत आहे. पोटात कळ मारत असली तरी माणूस निवांत म्हणतो आणि विचारणाराही निवांत होऊन पुढे जातो.

घरात दखनी बोलायचे, बाहेर मराठी. हा शब्द दोन्हीकडे चालायचा. जोहराच्या मात्र तो डोक्यात जायचा. छत गळतंय म्हटलं, निवांत. अर्शियाला स्थळ बघायचं कधी, निवांत. थोरला अजहर हैदराबादला जायचं म्हणतोय, थांबवा त्याला, निवांत. घर पेटलं तरी हा माणूस आधी बिडी शिलगावेल आणि मग निवांत म्हणेल, असं ती शेजारणींना सांगायची. आता तोच शब्द पकडून ती दिवसभर कॉटशेजारी बसून होती. चिडायला वेळ नव्हता, आणि चिडून सांगायचं कुणाला?

उजव्या पायाला संवेदना राहिली नव्हती. घरी असताना अंगठ्याला काहीतरी लागलं, त्याला कळलं नाही, आणि शुगर असलेल्या माणसाची जखम ती. जोहराने हळद भरली, मलम लावलं, मग अंगठा काळा पडला. वैजनाथने गावातल्या एकाची गाडी मागून घेतली आणि त्यात घालून लातूरला आणलं. वैजनाथ देगलूर रस्त्यावरच्या खेड्यातला शेतकरी. भाजीच्या टोपल्या जीपच्या टपावर टाकून वर्षानुवर्षं अजीजच्या शेजारच्या सीटवर बसून उदगीरला यायचा. त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं अजीजला खपायचं नाही. आता वैजनाथ दिवसाआड डबा घेऊन यायचा आणि कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसून पिकाचं, पाण्याचं, बाजारभावाचं सांगत राहायचा. अजीज मधून मधून निवांत म्हणायचा. त्या दोघांना जोहराची गरज लागत नसे.

त्या दिवशी डॉक्टर दामिनी एकट्याच आल्या. तरुण होत्या, कोकणातल्या, आणि आवाज न चढवता बोलायच्या. त्यांनी पट्टी सोडली, थोडा वेळ पाहिलं, परत बांधली. मग जोहराला आणि अर्शियाला खिडकीपाशी बोलावलं. वैजनाथ डबा घेऊन नुकताच आला होता. अर्शियाने त्यालाही हात केला.

पाय सडत चालला होता. काळेपणा घोट्याच्या वर गेला होता. गुडघ्याच्या वरून पाय काढला तर माणूस वाचेल, बहुतेक वाचेल. नाही काढला तर विष रक्तात जाईल आणि मग फार दिवस हाती राहणार नाहीत. डॉक्टर हे सगळं नीट, टप्प्याटप्प्याने सांगत होत्या आणि अर्शिया मान हलवत होती. अर्शिया उदगीरला एका शाळेत शिकवायची. कठीण गोष्ट ऐकताना मान हलवायची सवय तिला शाळेतूनच लागली होती.

"तर काढा," ती म्हणाली. "भाईला फोन करते, पण तोही हेच म्हणेल."

"काढू," डॉक्टर म्हणाल्या. "पण आधी काकांना विचारायचं. पाय त्यांचा आहे. बोलता येत नसलं तरी समजतं त्यांना सगळं. ते नको म्हणाले तर मी हात लावणार नाही. दुखू नये एवढी औषधं देऊ, घरी घेऊन जा, तुमच्यात राहू देत." मग त्या जोहराकडे वळल्या. "मला त्यांचं बोलणं कळत नाही. तुम्हाला कळतं. संध्याकाळच्या राऊंडला मी विचारेन, तुम्ही मला सांगा ते काय म्हणतात."

जोहराने हाव म्हटलं. तिला वाटलं, बाई चांगली आहे. आणि लगेच वाटलं, इतकी चांगली नसती तर बरं झालं असतं. दुसरा एखादा डॉक्टर असता, न विचारता कापून मोकळा झाला असता, आणि मग कापणाऱ्याच्या नावाने बोटं मोडता आली असती.

अजहरचा फोन लागला. तो हैदराबादला एसी दुरुस्तीचं काम करायचा. कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर होता, वाऱ्याने आवाज फाटत होता. त्याने एकदाच विचारलं, अब्बा क्या बोल रै. मग आपणच म्हणाला, निवांतच म्हणत असतील. काढा म्हणाला. मी निघतो म्हणाला. अर्शिया फोन ठेवून नळावर तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

जोहरा कॉटशेजारी येऊन बसली. अजीज तिच्याकडेच बघत होता. खिडकीपाशी काय चाललंय ते त्याला कळलं होतं, निदान काहीतरी चाललंय एवढं तरी.

तिला मुज्तबाभाई आठवत होते. खरं तर डॉक्टरांनी पहिलं वाक्य उच्चारलं तेव्हापासून तिला दुसरं काही आठवतच नव्हतं. मुज्तबाभाई म्हणजे स्टँडवरचे अजीजचे जोडीदार, त्यांचीही जीप. शुगरने त्यांचा पाय गेला, त्यानंतर ते पुढच्या खोलीत पलंगावर पडून रस्त्याकडे बघत असायचे. अजीज दर जुम्म्याला नमाजनंतर त्यांच्याकडे जायचा आणि घरी आला की जेवायचा नाही. एका जुम्म्याला ताट तसंच सारून त्याने जोहराला समोर बसवलं होतं. मला असं ठेवू नको, तो म्हणाला होता. माझ्यावर ही पाळी आली तर जाऊ दे मला. बायको हगणंमुतणं काढते आणि रस्त्यावरून गाड्या जातात, असलं जिणं मला नको. जोहरा म्हणाली, काहीतरी बोलू नका. तो म्हणाला, ऐकलं का तू? ती म्हणाली, ऐकलं. तेवढं एकदाच तो आपल्या नेहमीच्या शब्दाला फाटा देऊन तिच्याशी सरळ, पुरी वाक्यं बोलला होता. म्हणून तर ती इतकी लक्षात राहिली.

आता तिला वाटत होतं, कशाला बोललात? जन्मभर निवांत म्हणत आलात, तेव्हाही तेच म्हणायचं होतं.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. सोबत सिस्टर होत्या. वैजनाथ गावी परतला नव्हता; तो स्टुलावरून उठून भिंतीला लागला. नीलाबाई शेजारच्या कॉटवर म्हातारीला गोळ्या देत होत्या. अर्शिया जोहराच्या मागे उभी राहिली आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टर अजीजच्या तोंडाजवळ वाकल्या. घाई न करता, सोप्या शब्दांत सांगितलं. काका, पाय वाचत नाही. पाय काढला तर तुम्ही राहाल. नाही काढला तर नाही राहणार. तुम्हाला काय हवंय ते मला सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू.

अजीजने ऐकून घेतलं. मग त्याने डॉक्टरांकडे नाही, जोहराकडे पाहिलं. डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, बांगड्यांसकट, आणि हळूच म्हणाला, "निवांत."

शेवटचं अक्षर त्याने तोडलं नाही, ओढलंही नाही. नुसतं सोडून दिलं. मुज्तबाभाईंची मयत उचलली त्या दुपारी, कबरस्तानातून परत आल्यावर ओट्यावर बसून त्याने असंच म्हटलं होतं. यात समजायला अवघड काहीच नव्हतं. स्टँडवरच्या पोरालासुद्धा समजलं असतं. डोळ्यांत ते होतं, मनगटावरच्या पकडीत होतं. जाऊ दे मला. तू ऐकलंयस.

वैजनाथने खाली बघितलं.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

जोहराला त्या क्षणी उदगीरचं घर दिसलं. कपडे धुवायचा दगड, दारातली जीप, आत कुणी नाही. अर्शिया आज ना उद्या लग्न होऊन जाईल. अजहर ईदला येईल आणि परत जाईल. आणि तिने छत गळतंय म्हटलं तर निवांत म्हणायलासुद्धा कुणी असणार नाही. तिला तो हवा होता. अर्धा तर अर्धा, पाव तर पाव. हगणंमुतणं काढायला लागलं तरी हवा होता. त्याला काय हवं होतं ते तिला ठाऊक होतं आणि तिला काय हवं होतं तेही ठाऊक होतं. बोलता येत होतं फक्त तिला.

"हाव म्हणतेत," ती म्हणाली. "काढा म्हणतेत."

अजीजची पकड मनगटावर आवळली. त्याने मान उचलायचा प्रयत्न केला. "निवांत," तो म्हणाला, या वेळी मोठ्याने. डॉक्टरांकडे बघून म्हणाला. मग वैजनाथकडे बघून. "निवांत. निवांत." आवाज चढत गेला, गळ्याच्या शिरा फुगल्या. त्यांच्या कानांपर्यंत पोचवायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"हो हो, काका, समजलं मला," डॉक्टर त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाल्या. "सगळं नीट होईल. घाबरू नका."

सिस्टरने उद्या सकाळपासून पोटात काही द्यायचं नाही असं बजावलं. अर्शियाने सही केली. तिने सही करताना आईकडे एकदा पाहिलं. नीलाबाई म्हातारीच्या गोळ्या हातात तशाच धरून उभ्या होत्या. शिरूर अनंतपाळकडेही लोक निवांत म्हणतात, आणि त्यांच्याकडेही तो शब्द ऐकायला कान असतात. त्या जोहराकडे बघत राहिल्या, मग म्हातारीने पाणी मागितलं आणि त्या वळल्या.

बाहेर जिन्यापाशी वैजनाथ चपला घालत होता. जोहरा त्याच्या मागे गेली. काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं, पण तो तसाच निघून जाऊ नये असं वाटत होतं. कुणीतरी तिला बोललं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

"भाऊ," ती म्हणाली.

वैजनाथने एक चप्पल पायात घातली, दुसरी पायाने चाचपत राहिला.

"भाभी, मी काय ऐकलं न्हाई," तो म्हणाला. "मला बी तो पायजेच की. सीटवर बाजूला कोण हाय मला?"

आणि पायऱ्या उतरून गेला.

ऑपरेशन चांगलं झालं. अजहर आला, दोन दिवस राहिला, बापाच्या कॉटशी उभं राहून रडला आणि गेला. ताप आला नाही, जखम भरत गेली. डॉक्टर दामिनी रोज येऊन टाके बघायच्या आणि खूश व्हायच्या. अशा वयात, अशी शुगर असताना एवढं छान भरणं फार कमी वेळा दिसतं, असं त्या म्हणायच्या. वॉर्डातले लोकही म्हणायचे, भाभी, तुमची सेवा फळाला आली.

सेवा तर ती करतच होती. अंग पुसत होती, भांडं देत होती, उशी सरळ करत होती. अजीज जेवत होता, औषध घेत होता. सिस्टरने विचारलं दुखतंय का, की निवांत म्हणत होता. नीलाबाई सकाळी झाडायला आल्या की निवांत. वैजनाथने कोथिंबिरीचा भाव पडल्याचं सांगितलं की निवांत, अगदी पूर्वीसारखं, शेवटी जरा हसून. वैजनाथवर त्याचा राग नव्हता, की असला तरी त्याने तो गिळला होता, कुणास ठाऊक. नवे लोक वॉर्डात यायचे, त्यांनाही तो निवांत म्हणायचा. शब्द त्याच्याजवळ होता तसाच होता.

जोहराशी मात्र तो तेवढासुद्धा बोलत नव्हता.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, भुलीचा अंमल असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, दुखत असेल. तिने विचारलं, पाणी देऊ? त्याने ग्लास घेतला. खिचडीत मीठ बरोबर हाय का? त्याने चमचाभर खाल्लं. मग तिने दखनीत विचारलं, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, गुस्सा हो क्या मेरे पे. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तरी चाललं असतं. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे माणूस बघतो, तेवढंच ते बघणं होतं. जागा आहे, बसा. मग त्याने खिडकीकडे तोंड केलं. खिडकीखालून रस्ता जात होता आणि तो रस्ता बघत होता.

अर्शियाच्या लक्षात आलं. वडिलांशी बोलायचं असलं की आता ती आईला मध्ये घेईना. स्वतःच विचारायची, स्वतःच अंदाज करायची, चुकायची, परत विचारायची. एकदा ती जिन्यात आईला म्हणाली, "अम्मी, अब्बा सच्ची हौ बोले थे ना?" जोहरा म्हणाली, जिंदा हैं ना. अर्शिया म्हणाली, हौ. दोघी वर आल्या.

आपण केलं ते बरोबर की चूक याचा जोहरा विचार करत नव्हती. पुन्हा तीच वेळ आली असती तर पुन्हा तिने तेच केलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्यामुळे तोबा करायलाही तोंड राहिलं नव्हतं. रोज ती काहीतरी विचारायची. दुसऱ्यांशी बोलताना तो जे म्हणायचा ते कान देऊन ऐकायची, जणू त्यातलं थोडं आपल्याही वाट्याला यावं. घरी गेल्यावर बोलेल, असं मनाशी म्हणायची. घरी जीप आहे, अंगण आहे. मग वाटायचं, घरी तर दोघंच असू.

घरी सोडायच्या दिवशी वैजनाथ गाडी घेऊन आला. अर्शिया खाली औषधं आणायला गेली होती. चाकाची खुर्ची कॉटला लावलेली होती, आणि नीलाबाईंनी अजीजला एका बाजूने, जोहराने दुसऱ्या बाजूने धरून खुर्चीत बसवलं. लुंगीचा रिकामा भाग जोहराने दुमडून खाली खोचला. तो तिचा आधार घेत होता. शरीराने घेत होता. तेवढ्यात डॉक्टर दामिनी राऊंडवर आल्या. त्यांनी अजीजसमोर खाली बसून त्याचा डावा हात हातात घेतला.

"चला काका, सुटलात आमच्या तावडीतून. आता बरं वाटतंय ना?"

अजीजने त्यांच्याकडे पाहिलं. मग वॉर्डभर नजर फिरवली, कॉटवरून, खिडकीवरून, नीलाबाईंवरून. जोहरा खुर्चीमागे होती. तिथवर नजर आली नाही. त्याने पंजा हवेत जरासा हलवला.

"निवांत," तो म्हणाला.

डॉक्टरांनी सवयीने वर पाहिलं. "काय म्हणतात?"

नीलाबाईंनीही पाहिलं. दारात वैजनाथ गाडीची किल्ली बोटात फिरवत होता, तो थांबला.

जोहराने खुर्चीच्या दांड्या धरल्या होत्या. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त डोकं दिसत होतं. मागचे केस वाढलेले, मानेवर आलेले. घरी गेल्यावर कापावे लागणार होते.

"मला आता न्हाई कळत, डॉक्टरबाई," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा."

नवराबायकोची काहीतरी थट्टा चालली असावी असं डॉक्टरांना वाटलं. त्या हसल्या, अजीजच्या हातावर थोपटलं आणि पुढच्या कॉटकडे गेल्या.